छपरावरची मगर : पूर आणि आठवण, प्रकल्प नोंदी (वडोदरा)

३ जून २०२५, मंगळवार

मुलाखतींची दुसरी फेरी आजपासून. पहिली फेरी नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली, तेव्हा २३ जण बोलले. सगळी मराठी घरं : अकोटा, मुजमहुडा, समा, कारेलीबाग. बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांची बिऱ्हाडं दांडिया बाजारात नाहीतर रावपुऱ्यात होती. पुढच्या पिढीने सोसायट्यांत घरं घेतली आणि २६ ऑगस्ट २०२४ नंतरच्या दिवसांत विश्वामित्री त्या घरांत शिरली. जन्माष्टमी होती. नदी ३५ फुटांच्या आसपास गेली. कुणाकडे दोन दिवस पाणी होतं, कुणाकडे तीन.

तीच माणसं, तोच पहिला प्रश्न : "पाणी आलं तेव्हापासूनचं जे आठवतं ते तुमच्या पद्धतीने सांगा." मध्ये अडवायचं नाही. नोव्हेंबरमध्ये तुम्ही काय म्हणाला होतात, हेही सांगायचं नाही.

सहायक विद्यार्थिनीने विचारलं, पुन्हा तेच कशाला विचारायचं? तिला मानसशास्त्रज्ञ नायसर आणि हार्श यांचं काम सांगितलं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय करत होतात. अडीचेक वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. पुष्कळांनी वेगळंच सांगितलं, तेही ठामपणे. माझ्या मनात राहिलेली गोष्ट पुढची आहे. त्यांना स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला, तरी मूळ आठवण परत आली नाही. नवी होती तीच खरी वाटत राहिली.

हे काम मी कुणाला चुकीत पकडायला करत नाही. पोलीस, विमा, नुकसानभरपाईचा पंचनामा, सगळीकडे एक समजूत घट्ट आहे की दोन वेळा दोन प्रकारे सांगणारा माणूस खोटारडा. ज्याच्या घरात छातीएवढं पाणी होतं त्याला असं ऐकावं लागू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

७ जून, शनिवार

आज दिवसभर आघातानंतरच्या त्रासाच्या प्रश्नावलीची भाषा. मूळ इंग्रजी, २२ वाक्यं, गेल्या सात दिवसांत त्याचा किती त्रास झाला ते ० ते ४ मध्ये सांगायचं. रीतीप्रमाणे मराठी केली, दुसऱ्या कुणाकडून उलट इंग्रजी करून घेतली, जुळली. कागदावर पास. टेपवर मात्र कुठे अडते ते ऐकू येतं. "भावना बधिर झाल्यासारख्या वाटल्या" या वाक्याला दोन आजींनी कानांबद्दल उत्तर दिलं. आता "मन सुन्न झाल्यासारखं" असं केलंय. नुसतं "सुन्न" पुरत नाही, कारण हातही सुन्न पडतो.

लोकांनी आपणहून आणलेले शब्द जास्त मोलाचे आहेत. सगळ्यांत जास्त वेळा आला "धसका". पुस्तकातला "आघात" बाहेरून येऊन आदळतो, धसका मात्र माणूस *घेतो*. "तिने उगाच धसका घेतला" हे वाक्य चार घरांत ऐकलं, आणि चारही वेळा ते घरातल्या बाईबद्दल दुसऱ्या कुणी म्हटलेलं होतं. शब्द सगळ्यांना कळतो म्हणून प्रश्नावलीत घालावा असा मोह होता. घातला नाही. ज्या शब्दात दोष आधीच त्या बाईच्या पदरात टाकलेला आहे, तो विचारणाऱ्याच्या तोंडी नको.

दुसरा शब्द "गभरामण". गुजरातीतून आपल्या बडोद्याच्या मराठीत केव्हाच रुळलेला. "ढग आले की गभरामण होते" म्हणताना हात डोक्याकडे जात नाही, छातीवर जातो. पुण्याहून आणलेल्या भाषांतरात तो असणार नाही, आपल्यात हवा. घातला.

आणि "वाचाच बसली". समाच्या दोघी जावा एकाच क्षणाबद्दल हेच म्हणाल्या : जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाणी आलं तेव्हा हाक मारायची होती आणि तोंडातून शब्द फुटेना. १९९६ मध्ये रॉख आणि सहकाऱ्यांनी आघातग्रस्तांना त्यांच्याच प्रसंगाचं वर्णन ऐकवून मेंदूची पेट (PET) छायाचित्रं घेतली, म्हणजे कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारी. भावनेशी निगडित भाग उजळले आणि डाव्या बाजूच्या ब्रोका क्षेत्रातली, म्हणजे बोलणं जुळवणाऱ्या भागातली, हालचाल मंदावली. माणसं मोजकीच होती, म्हणून त्यावर इमला बांधायचा नाही. पण मुलाखतीत कुणी गप्प झालं तर दहा-वीस सेकंद थांबायचं, पुढचा प्रश्न लगेच टाकायचा नाही, हा नियम आज वहीत पहिल्या पानावर लिहिला.

१३ जून, शुक्रवार

काल दुपारी अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान कोसळलं. विमानातल्या २४२ जणांतला एकच वाचला. आपल्याकडे प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी लंडनला जाणारं-येणारं आहे. आज सकाळपासून सगळ्यांचे फोन एकमेकांना.

पुढच्या आठवड्याच्या सगळ्या भेटी पुढे ढकलल्या. कुणीतरी सुचवलं की आत्ताच लोकांकडून लिहून घ्या, नायसरसारखं, अशी संधी पुन्हा येणार नाही. नाही. आमच्याकडे त्याची परवानगी नाही, आणि असती तरी आज मी कुणाच्या दारात कागद घेऊन उभी राहिले नसते. सहभागींना फक्त निरोप पाठवला : त्रास वाटला तर सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६, फुकट आहे.

२० जून, शुक्रवार

सहभागी क्र. ९. अकोटा, वय ६६. मी त्यांना काकू म्हणते. घरात सून आणि शाळकरी नात. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी. सुनेने दोन्ही फेऱ्यांत भाग घ्यायला नकार दिला, "मला काही आठवत नाही" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिचा हक्क आहे. चहा मात्र तिनेच आणून दिला.

काकूंचं आजचं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं लिहिते :

"अगाशीवर होतो आम्ही. दुसरा दिवस. पाऊस थांबला होता जरा. समोर पत्र्यावर मगर. अशी आडवी. शेपूट हलवत होती. मी सुनेला हाक मारली, म्हटलं पोरीला आत घे, पोरीला आत घे."

शेपूट कशी हलली ते त्यांनी मनगटाने दाखवलं. किती खात्री आहे, दहापैकी? "दहा. त्यात काय विचारतेस?"

नोव्हेंबरच्या लेखी उताऱ्यात मात्र असं आहे : "भाच्याने मोबाईलवर दाखवली, पत्र्यावर बसलेली मगर. मला बघवेना."

मगर खरी होती. पत्राही खरा. त्या पुरात विश्वामित्रीतल्या मगरी वस्तीत आल्या, आणि अकोट्यातल्या एका छपरावरच्या मगरीचा व्हिडिओ देशभर फिरला. बडोद्यात हा व्हिडिओ न पाहिलेलं माणूस मला तरी भेटलेलं नाही.

मार्शा जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. १९९३ चा त्यांचा मोठा लेख यासाठीच वाचायचा. आठवणीवर ती कुठून आली याची चिठ्ठी चिकटवलेली नसते. मेंदू ते प्रत्येक वेळी अंदाजाने ठरवतो : रंग दिसतो का, आवाज येतो का, जागा ओळखीची आहे का, अंगात काही होतं का. यातलं बरंच काही असेल तर तो म्हणतो, हे मी पाहिलंय. आता काकूंचं बघा. अगाशीवर त्या दोन दिवस खरंच होत्या. समोर पत्रे खरंच आहेत, मी आज पाहिले. मगर त्यांच्याच अकोट्यातली. आणि नातीला आत घे म्हणून हाका त्यांनी त्या दोन दिवसांत कितीतरी वेळा मारल्या असतील. सगळे तुकडे खरे, सांधा तेवढा नवा.

दोन्ही वेळा एक गोष्ट शब्दाला शब्द तीच आली. खाली अंधारात फ्रिज तरंगत होता आणि रात्रभर भिंतीवर आपटत होता. धप्प, मग थोडा वेळ काही नाही, मग धप्प. काकू म्हणतात, "कुणीतरी दार ठोठावतंय आणि आपण उघडत नाही, असं वाटायचं." हे सांगताना त्या दोन्ही वेळा माझ्याकडे न बघता जिन्याकडे बघत होत्या.

२४ जून, मंगळवार

क्र. १४, कारेलीबाग, निवृत्त शिक्षक. "गणपती बसले होते आणि पाणी आलं." गेल्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, पूर त्याच्या आधी. पण त्यांच्याकडे गाळ काढणं, गाद्या वाळवणं, भिंतींचा उग्र दर्प हे सगळं गणपतीपर्यंत चाललं, मूर्ती ओल्या भिंतीपुढे बसवली. मग पूर गणपतीत आला, यात नवल नाही. मानसशास्त्रज्ञ बार्टलेटने १९३२ मध्ये हेच दाखवलं : माणूस गोष्ट आपल्या ओळखीच्या चौकटीत बसवून आठवतो. आपली चौकट सणांची. त्यांच्या गुजराती शेजारणीने तोच दिवस अचूक सांगितला, कारण आदल्या दिवशी त्यांच्याकडे सातमचं (शीतळा सप्तमीचं) थंड जेवण होतं, चूल पेटवली नव्हती.

तारखेच्या चुका वेगळ्या रकान्यात. त्यांना "विसंगती" म्हणायचं नाही.

१० जुलै, गुरुवार

काल पादरा तालुक्यात महिसागर नदीवरचा गंभीरा पूल कोसळला, गाड्या नदीत गेल्या. पुन्हा भेटी थांबवल्या. क्र. ४ चे यजमान त्या रस्त्याने आणंदला जातात. ते घरी होते. बाईंचा फोन आला, फक्त एवढं सांगायला.

१७ जुलै, गुरुवार

विद्यार्थ्यांबरोबर वाचनाचा तास. विषय मेंदू. तास मनासारखा झाला म्हणून सविस्तर.

क्र. १४ काकांचं एक वाक्य फळ्यावर लिहिलं : "पाणी असताना मी खंबीर होतो. पाणी उतरल्यावर दहा-पंधरा दिवसांनी माझी झोप गेली." त्यांच्या मुलाला वाटलं, हे नुकसानीच्या हिशेबामुळे. असेलही.

मग सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने बंगळूरुच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत केलेलं काम मांडलं. २००२ मध्ये त्यांनी दाखवलं की दीर्घ ताणाने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात, आणि अमिग्डालामध्ये उलट त्या पसरतात. एकाच ताणाचे दोन जागी दोन परिणाम. हिप्पोकॅम्पस प्रसंगाला जागा आणि वेळ देतो, अमिग्डाला धोक्याची नोंद ठेवते. म्हणजे "कुठे, केव्हा" पुसट होतं आणि "पळ" ठळक होतं. त्यानंतरचं २००५ चं काम मला जास्त अस्वस्थ करतं. उंदराला एकदाच, दोन तास जखडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी अमिग्डालात काहीच फरक नाही. दहा दिवसांनी पाहिलं तर तिथल्या पेशींवरचे काटे, म्हणजे जोडण्यांच्या जागा, वाढलेले. ताण संपून गेलाय, उंदीर आपल्या पिंजऱ्यात परत आलाय, आणि आत बांधकाम चालू आहे.

वर्ग एकदम गप्प झाला. मग एकाने फळ्यावरच्या वाक्याकडे बोट दाखवलं. तिथेच थांबवलं. उंदराचे दहा दिवस आणि काकांचे दहा-पंधरा दिवस हा आकड्यांचा योगायोगही असू शकतो, आणि काकांच्या मेंदूत आपण डोकावलेलं नाही. एवढं मात्र नक्की म्हणता येतं की उशिरा सुरू झालेला त्रास म्हणजे नाटक नव्हे.

"धक्क्याने मेंदू आकसतो" हे वाक्य दोन विद्यार्थ्यांनी वहीत उतरवलं होतं. त्यांना गिल्बर्टसन यांचा २००२ चा जुळ्यांचा अभ्यास दिला. व्हिएतनाम युद्धातून आघात घेऊन आलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान दिसला. पण त्यांच्या युद्धावर न गेलेल्या जुळ्या भावांचाही तसाच लहान होता. म्हणजे काही जणांत तो आधीपासूनच लहान असावा आणि म्हणून धोका जास्त असावा. दोघांनी वाक्य खोडलं नाही, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मला ते आवडलं.

फ्रिजचा आवाज तसाच का राहिला, यावरही बोललो. काहिल आणि मॅकगॉ यांनी १९९४ मध्ये लोकांना एक गोष्ट चित्रांसह सांगितली, मधला भाग भावनांना हात घालणारा. ॲड्रेनालिनचा परिणाम रोखणारं प्रोप्रॅनोलॉल ज्यांना दिलं होतं, त्यांना तो मधला भाग इतर भागांपेक्षा विशेष लक्षात राहिला नाही. भीतीच्या रसायनाने गाभा घट्ट बसतो. कडेच्या गोष्टींना ते लागू होईलच असं नाही.

३० जुलै, बुधवार

ही नोंद लिहायला जड जातंय, पण आजच लिहिली पाहिजे.

क्र. ९ ची नोव्हेंबरची टेप आज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. लेखी उताऱ्यात आम्ही सहभागींचं बोलणं पूर्ण उतरवतो, आमचे प्रश्न मात्र "प्र." लिहून थोडक्यात. काकू व्हिडिओबद्दल बोलतात तेव्हा मागे बाहेरच्या दाराची बेल वाजते, माझं लक्ष जातं. परत आल्यावर माझा आवाज : "काकू, ती मगर तुम्ही कुठून पाहिलीत?"

त्या क्षणभर थांबतात. मग म्हणतात, "अं... अगाशीवरून दिसत असेल ना."

उताऱ्यात हा भाग आम्ही "प्र. मगर. उ. अस्पष्ट" असा आटोपला होता.

लॉफ्टस आणि झॅनी यांनी १९७५ मध्ये अपघाताची चित्रफीत दाखवून दोन गटांना फुटलेल्या दिव्याबद्दल विचारलं. फरक इंग्रजीतल्या एका चिमुकल्या उपपदाचा : एका गटाला "एखादा फुटलेला दिवा", दुसऱ्याला "तो फुटलेला दिवा". "तो" म्हटलं की दिवा होताच असं गृहीत धरलं जातं, आणि न दिसलेला दिवा पाहिला म्हणणारे वाढतात. हा प्रयोग मी दर वर्षी शिकवते. मराठीला उपपदं नाहीत, म्हणून हा धोका आपल्याला कमी, असंही एकदा वर्गात म्हणाले होते. "ती मगर" मधली "ती" तेच काम करते, आणि वर "कुठून" विचारून मी त्यांना अगाशीवर उभं केलं.

व्हिडिओ, वर्षभराच्या गप्पा, शेजारणी, हे सगळं आहेच. माझ्या प्रश्नाचा वाटा किती ते सांगता येणार नाही. पण वाटा आहे.

केलेलं काम :
सगळ्या २३ टेप आमच्या प्रश्नांसाठी पुन्हा ऐकायच्या. आज अकरा झाल्या. आणखी दोन ठिकाणी "ती मगर" सापडली. मगरीविषयीची सगळी उत्तरं विश्लेषणातून बाहेर. नीतिसमितीला आणि मार्गदर्शक मॅडमना पत्र लिहिलं. मॅडमचं उत्तर संध्याकाळी आलं : हे अहवालाच्या पहिल्या प्रकरणात जाईल, तळटीपेत नाही. आणि त्या काकूंना तू स्वतः सांगशील.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती आले. वर्ष झालं.

क्र. १७, समा, वय ४१. मुलाखत नव्हती, दर्शनाला बोलावलं होतं. त्यांच्याकडे शाडूची मूर्ती असते. मूर्ती घरात आणली तेव्हा ओल्या मातीचा वास आला आणि त्यांना चक्कर आली, हात गार पडले. "मातीचा वास म्हणजे गाळाचाच वास." गेल्या वर्षी पाणी उतरल्यावर घोटाभर गाळ त्यांनी एकटीने उपसला होता. देवाच्या मूर्तीचा वास सहन होईना, याची त्यांना भयंकर शरम वाटत होती. सासूबाईंना सांगितलं नव्हतं, मला सांगितलं.

मी एवढंच सांगितलं की वासाचा रस्ता वेगळा आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आधी थॅलॅमस नावाच्या टप्प्यावर जातं. वास तो टप्पा न घेता थेट अमिग्डालाच्या परिसरात पोचतो. तुम्ही विचार करण्याआधी हात गार पडलेले असतात. यात श्रद्धा कमी झाली असं काही नाही.

त्यांनी विचारलं, हे जाईल का? मी म्हटलं, भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी दुसरी आठवण बसते, आणि ती पुन्हा पुन्हा यावी लागते. त्यांनी मूर्ती खिडकीपाशी बसवली, वारा येतो तिथे. आरतीला मागे उभ्या राहिल्या. मोदकांच्या वाफेचा वास घरभर होता. विभागातल्या समुपदेशकाचा नंबर दिला, त्यांनी तो माझ्यासमोर फोनमध्ये घेतला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

क्र. ९. आज सांगितलं.

रेकॉर्डर बॅगेतून काढला नाही. काकूंना आधी माझी चूक सांगितली, मग व्हिडिओचं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग :

"म्हणजे मी खोटं बोलले?"

"नाही काकू. मी चुकीचं विचारलं."

"टेप आहे का तुझ्याकडे? ऐकव."

फोनवर ती दोन मिनिटं ऐकवली. स्वतःचा आवाज त्यांनी मान खाली घालून ऐकला. "किती भरभर बोलत होते गं मी." मग परत लावायला सांगितली. दुसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाल्या, "आवाज माझा आहे. पण पोरी, मगर मला आत्ताही दिसते. शेपटीसकट."

मी म्हटलं, दिसणारच. दिसली तर दिसू द्या.

नंतर त्यांनी जे विचारलं त्याची तयारी मी केली नव्हती. "मग फ्रिज? तेही मोबाईलमधलंच असेल का?" त्यांचा हात काठीवर घट्ट झाला होता. एका मगरीपायी त्यांची ती सबंध रात्रच डळमळली होती, आणि ते माझ्यामुळे. फ्रिजचं दोन्ही वेळा शब्दाला शब्द तेच आलंय, आणि त्याबद्दल आम्ही काही विचारलेलंच नव्हतं, हे सांगत होते तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"फ्रिज होताच, आई. मी नायलॉनच्या दोरीने जिन्याच्या कठड्याला बांधला होता. दोरी निसटली."

सून ओल्या हातांनीच येऊन जमिनीवर बसली. काकू म्हणाल्या, "तू खाली गेली होतीस? त्या पाण्यात?" ती हो म्हणाली. काकूंना हे आजपर्यंत माहीत नव्हतं.

त्यानंतर ती पाऊण तास बोलली. रेकॉर्डर चालू करू का, असं मी विचारलं नाही. ती सहभागी नाही, म्हणून ती काय बोलली ते इथे लिहीत नाही. निघताना तिने नातीच्या वहीच्या मागच्या पानावर १४४१६ लिहून घेतला.

बाकी : क्र. १६ ते २३ च्या टेप ऐकायच्या राहिल्यात. सोमवारी.